मॉड्यूल सापडत नाही तेव्हा

पायथॉन शिकू लागलेल्या माणसाची ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’शी गाठ फार लवकर पडते. पिपने पॅकेज बसवलेले असते, काम फत्ते झाल्याचा संदेशही आलेला असतो, आणि प्रोग्रॅम म्हणतो, असे काही नाहीच. मग तेच पॅकेज पुन्हा बसवले जाते, पुढे वैतागून पायथॉनसुद्धा. हा उतावळा हात आवरला की या विषयाचा अभ्यास सुरू होतो. एररचा तो संदेश खरा असतो, पण त्रोटक असतो. कोणत्या इंटरप्रिटरने, कुठे शोधले हे तो सांगत नाही. ते आपण काढायचे.

शोधाचा क्रम ठरलेला आहे. पायथॉन आधी ‘सिस.मॉड्यूल्स’ ही लोड झालेल्या मॉड्यूल्सची नोंद पाहतो. तिथे नाव नसेल तर बिल्ट-इन मॉड्यूल्स, आणि मग ‘सिस.पाथ’ या यादीतली ठिकाणे ओळीने. यादीत अग्रमान सहसा चालवलेल्या फाइलच्या फोल्डरचा, त्यामागून ‘पायथॉनपाथ’, स्टँडर्ड लायब्ररी आणि शेवटी ‘साइट-पॅकेजेस’. जुळणारे पहिले मॉड्यूल मिळाले की शोध थांबतो. म्हणूनच आपल्या फाइलला ‘रँडम.पीवाय’ नाव दिले की लायब्ररीतले रँडम तिच्याआड झाकले जाते. दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करतात तेव्हाचा घोळही याच क्रमातला: नोंदीत नाव चढलेले असते, मॉड्यूल मात्र अर्धवटच तयार झालेले असते.

नावांचा गुंता वेगळा. बसवायचे ‘पिलो’, इम्पोर्ट करायचे ‘पीआयएल’. बसवायचे ‘ओपनसीव्ही-पायथॉन’, इम्पोर्ट करायचे ‘सीव्ही२’. शिवाय एकाच संगणकावर दोन-तीन पायथॉन नांदत असले, की पिप एकाच्या घरात सामान ठेवतो आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच्या घरात शोधतो.

ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने घडली. २०१२च्या ३.३ आवृत्तीत इम्पोर्टचा गाभा ‘इम्पोर्टलिब’च्या रूपाने पायथॉनमध्येच लिहिला गेला आणि त्याच आवृत्तीत ‘व्हेन्व’ हे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवायचे साधन आले. २०१६च्या ३.६मध्ये मॉड्यूल न सापडण्याला स्वतंत्र एरर मिळाली. २०२४ची ३.१३ आवृत्ती तर स्टँडर्ड लायब्ररीशी नाव जुळल्याने बिघाड झाला, तर आपली फाइल दुसऱ्या नावाने ठेवायला सुचवते.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी शोधाची वाट, मग नावे, मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, आणि शेवटी स्वतःचे पॅकेज बांधणे. पूर्वतयारी म्हणून फंक्शन लिहिता येत असले तरी पुरे. ज्यांची अडचण आजचीच आहे त्यांनी तिसऱ्या प्रकरणाकडे थेट वळायला हरकत नाही, मात्र त्याआधी ‘सिस.एक्झिक्युटेबल’ आणि ‘सिस.पाथ’ छापून पाहावेत. बऱ्याच जणांना पुढचे पान उलटावे लागणार नाही. ज्यांना तरीही उलटावेसे वाटेल, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.