जळालेल्या गावाचे भागधारक

८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी उत्तर कॅलिफोर्नियात पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीच्या एका उच्चदाब मनोऱ्यावरचा झिजलेला लोखंडी आकडा तुटला. वाहिनी जुनी, १९२१ च्या सुमाराची. ठिणग्या वाळल्या गवतात पडल्या आणि काही तासांत पॅराडाइज हे डोंगरमाथ्यावरचे गाव संपले. ८५ माणसे गेली, अठरा हजारांहून अधिक इमारती जळाल्या.

मी मूळचा किल्लारीच्या पुनर्वसनाची कागदपत्रे जमवणारा. भूकंपाला जबाबदार कोणी नसतो, म्हणून तिथे राज्य सरकारने जागतिक बँकेचे कर्ज काढले. पण आग लावणारा ठाऊक आहे, तो श्रीमंत आहे आणि कायदाही त्याच्या विरुद्ध आहे, अशा ठिकाणी पैसा सरळ येतो का? या कुतूहलापोटी मी पॅराडाइजच्या कागदांकडे वळलो.

सरळ आला नाही. २९ जानेवारी २०१९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे दिवाळे वाजले की दुकान बंद. तिथे दिवाळखोरी हा आडोसा असतो. धंदा चालू राहतो आणि देणेकऱ्याला घेणेकऱ्यांशी सावकाश घासाघीस करता येते. रोखेधारक, विमा कंपन्या, नगरपालिका आणि होरपळलेली माणसे असे सगळे एकाच न्यायालयात उभे राहिले. त्यात २०१५ आणि २०१७ च्या आगींचे पीडितही होते. एकूण सुमारे सत्तर हजार.

जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने पुढच्या आगींसाठी २१ अब्ज डॉलरचा निधी उभारला. निम्मा भार वीज कंपन्यांवर, निम्मा ग्राहकांवर. या निधीत यायचे तर कंपनीने ३० जून २०२० पूर्वी दिवाळखोरीतून बाहेर पडले पाहिजे, अशी अट होती. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली या तारखेत आहे. मुदत कंपनीला घातलेली, पण घाई पीडितांच्या गळ्यात पडली.

विमा कंपन्यांचा हिशेब आधी मिटला: ११ अब्ज, सगळे रोख. त्यांतले बरेच दावे गुंतवणूक फंडांनी आधीच पडत्या भावात विकत घेतले होते. नगरपालिका आणि इतर स्थानिक संस्थांना १ अब्ज, तेही रोख. त्यातले २७ कोटी पॅराडाइजला. पीडितांना १३.५ अब्ज, पण अर्धेच रोख. उरलेल्या अर्ध्यापोटी त्याच कंपनीचे समभाग. शिवाय केंद्राची आपत्ती-निवारण संस्था याच भांड्यातून सुमारे ४ अब्ज मागत होती. पीडितांचे पूर्ण भागल्यावरच आपण १ अब्ज घेऊ, असे तिने पुढे मान्य केले.

पीडितांत फूट पडली. त्यांच्या अधिकृत समितीतल्या काहींनी राजीनामे दिले. तरी मतदानात सुमारे ८५ टक्के मते योजनेच्या बाजूने पडली. ही माणसे फसली, असे मी म्हणणार नाही. दुसरा हिवाळा ट्रेलरमध्ये काढणाऱ्याला आज मिळणारे अर्धे पुरे वाटते.

१६ जून २०२० रोजी कंपनीच्या प्रमुखाने न्यायालयात ८४ मृत्यूंबद्दल, एकेका नावागणिक, गुन्हा कबूल केला. दंड सुमारे ३५ लाख डॉलर. चारच दिवसांनी, २० जूनला, न्यायालयाने योजना मंजूर केली. पीडितांच्या ट्रस्टकडे सुमारे ४७ कोटी ७० लाख समभाग आले, म्हणजे कंपनीचा बावीस टक्के हिस्सा. कबूल झालेली किंमत पावणेसात अब्ज. बाहेर पडताना भाव नऊ डॉलरच्या आसपास, म्हणजे हातात जेमतेम सव्वाचार अब्ज. आता पीडितांचे हित कंपनीच्या नफ्यात अडकले. तिला दंड झाला की यांचेच नुकसान, दर वाढले की यांचाच फायदा. आणि ते दर भरणारे ग्राहकही हेच! पुढे भाव वाढला, समभाग टप्प्याटप्प्याने विकले गेले. तरी दाव्यांची बेरीज मुळातच भांड्यापेक्षा मोठी होती. मंजूर दाव्याच्या साधारण ७० टक्के रक्कम हाती पडली.

२०१० च्या जनगणनेत पॅराडाइजमध्ये २६,२१८ माणसे होती. २०२० मध्ये ४,७६४. परतलेल्यांच्या घरी वीज त्याच कंपनीची येते, आणि बिलात त्या २१ अब्जांच्या निधीसाठीचा आकारही लावलेला असतो.