आधी एसएमपीएस, मग कार्ड

शिरूर आणि दौंड तालुक्यांत गेम खेळायच्या कॉम्प्युटरचा इतिहास सांगायचा, तर आधी लाईटचा इतिहास सांगावा लागतो. पुण्यात दुकानदार गिऱ्हाइकाला बजेट विचारतो. मी विचारतो, घर डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, किती लांब आहे आणि त्या डीपीवर शेतीच्या मोटारी किती आहेत. कॉम्प्युटर असेंबल करायच्या धंद्यात इकडची माणसं हे शिकली ती होरपळून.

सुरुवात साधी होती. २००१ साली एमकेसीएलचा एमएस-सीआयटी आला आणि तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागले. क्लास झाला की घरी मशीन हवं, आणि मशीन म्हणजे असेंबल केलेलं. पार्ट पुण्याच्या तापकीर गल्लीतून यायचे. दौंडकरांना रेल्वेची शटल होती. शिरूरच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीच्या, माणसाला नगर रोडची एसटी. डबा मॉनिटर मांडीवर घेऊन शिक्रापूर, रांजणगाव करत यायचं. गेम म्हणाल तर २००३ च्या व्हाइस सिटीपर्यंत बोर्डावरचंच ग्राफिक कसंबसं निभावून न्यायचं. ज्याला जास्त हौस तो एजीपी स्लॉटमध्ये जीफोर्स २ एमएक्स किंवा पुढे एफएक्स ५२०० टाकायचा. ही कार्डं लागेल तेवढी वीज स्लॉटमधूनच घेत, म्हणून एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा, कोणता हा प्रश्नच कुणी विचारत नसे. कॅबिनेटसोबत जो आला तो आला.

मग भारनियमन आलं. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, तेव्हा राज्यात विजेचा तुटवडा भयंकर होता. २००६ मध्ये पुणे शहराने कारखान्यांच्या जनरेटरचा आधार घेऊन स्वतःची सुटका करून घेतली. आमच्या गावांना ती सोय नव्हती. दिवसातले कित्येक तास लाईट नसायची, आणि असायची तेव्हा धड नसायची. थ्री फेज गेली की लोक कपॅसिटर लावून सिंगल फेजवर मोटारी ओढत. ऊस उभा जळताना दुसरं काय करणार? पण त्या ओढीने संध्याकाळी घरातला दिवा पिवळा पडायचा. मागे व्होल्ट निवडायचं लाल बटण असलेला जुना एसएमपीएस २३० व्होल्टवर लावलेला असायचा. दाब १७०-१८० च्या खाली गेला की तो मान टाकायचा. लाईट परत यायची ती उसळी मारून, आणि आतल्या कपॅसिटरची डोकी फुगायची. त्या काळात माझ्या टेबलावर दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये सगळ्यांत जास्त मेलेला पार्ट एसएमपीएसच असायचा. कधीकधी तो जाताना बोर्डालाही घेऊन जायचा.

नेमक्या याच वर्षांत ग्राफिक कार्डांची भूक वाढली. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट ७५ वॉट देतो. त्याहून जास्त लागलं तर वरून सहा पिनांची वायर, आणखी ७५. २००७ च्या शेवटी एनव्हिडियाचं ८८०० जीटी आलं, १०५ वॉटचं. पोरं त्याच्यासाठी वेडी झाली होती. पण हिशेब मांडून बघा. कार्ड १०५, कोअर टू ड्युओ ६५, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून पन्नासेक, झाले २२०. जुना एसएमपीएस घेतलेल्या विजेतली तीसेक टक्के उष्णतेत घालवायचा, म्हणजे भिंतीतून तीनशेच्या वर. त्यात डबा मॉनिटरचे पाऊणशे. आणि गावात घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस देणार जेमतेम ३६० वॉट! गेम ऐन रंगात आला असताना लाईट गेली की यूपीएस किंचाळून बंद. कार्डाची खरी मर्यादा ठरवत होता तो यूपीएस. एनव्हिडियाचं नाव नुसतं डब्यावर होतं. हे मी पोरांच्या बापांना कागदावर लिहून दाखवायचो. न्हावऱ्याच्या घोडगंगेचं नाहीतर पाटसच्या भीमा कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की ते पोराला घेऊन यायचे, आणि त्या पैशातला एक रुपयाही धूर होऊन जाऊ नये असं मला मनापासून वाटायचं.

वर फसवणूक लेबलची. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर '४५० वॉट' छापलेलं असे. पण प्रोसेसर आणि कार्ड जगतात १२ व्होल्टवर. लेबलवर १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर लिहिलेले असतील तर कामाचे वॉट १६८, बाकी सगळी शोभा. हा गुणाकार आठवी-नववीतल्या पोरालाही येतो, फक्त लेबल कुठे वाचायचं ते कुणीतरी दाखवावं लागतं. आम्ही एसएमपीएस हातात तोलूनही बघायचो. हलका लागला की ठेवून द्यायचो.

सुटका दोन बाजूंनी झाली. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर हळूहळू वेगळे झाले, घरांतला दाब सुधारला. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये जीटीएक्स ७५० टीआय आलं, ६० वॉटचं, बऱ्याच मॉडेलना वरची वायरही न लागणारं. माझ्या मते आमच्या भागासाठी यापेक्षा महत्त्वाचं कार्ड निघालं नाही. कुणी १०८० चं कौतुक करो. केडगाव-चौफुल्याच्या वस्त्यांवर गेमिंग पोचवलं ते या कार्डाने आणि २०१६ च्या १०५० टीआयने. तेवढ्यात ॲक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस परवडायला लागले. त्यांतले बरेचसे १०० पासून २४० व्होल्टपर्यंत चालतात, लाल बटण नाही. दिवा मंद झाला तरी मशीन सुरू राहतं. एकच खोड आहे: काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीशी त्यांचं जमत नाही, लाईट जाताच मशीन बंद पडतं. म्हणून दोन्ही एकत्र जोडून, लोड देऊन, प्लग उपटून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही.

२०२१ ची कार्डांची टंचाई इथेही पोचली. ३०६० चे भाव दुप्पट झाले आणि पोरं जुन्या कार्डांवर दिवस काढत राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक कार्डांवर चालणारं इथेरियमचं मायनिंग थांबलं, तशी वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. ती घेताना मी पंखा फिरवून बघतो, स्क्रू उघडल्याच्या खुणा बघतो आणि अर्धा-पाऊण तास पूर्ण लोडवर ठेवतो.

आता रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला लागलेली पोरं पहिल्या काही पगारांतून मशीन बांधायला येतात. यादी मोबाइलमध्ये तयार असते: ४०६०, ११५ वॉट, ५५० चा एसएमपीएस. यादी बरोबर असते. मी तिच्या वर एक ओळ घालतो, घराचं अर्थिंग तपासणे. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. तसं असेल तर आधी वायरमनला बोलवा, खड्ड्यात पाणी घाला, लागलं तर नवीन पाईप टाका. कार्ड पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालतं.