सहकारी घरबांधणीचें भांडवल : गांवदेवी ते कुंभारी

मुंबईहून सोलापुरास जाणारी आगगाडी भिगवण मागें टाकून पुढें आली कीं करमाळा तालुक्यांतलें जेऊर स्थानक लागतें. हा लोहमार्ग १८६० सालीं सोलापुरापर्यंत पोंचला. त्यानें जोडलेल्या दोन शहरांतील दोन वसाहतींविषयीं आज बोलावयाचें आहे. एक मुंबईच्या गांवदेवींतील, १९१५ सालीं स्थापन झालेल्या संस्थेची. दुसरी सोलापूरनजीक कुंभारी येथील, २००६ सालची. दोन्हीं ठिकाणीं सामान्य माणसांनीं एकत्र येऊन घरें उभारलीं. त्यांच्या विटा-चुन्यापेक्षां त्यांच्या पैशाची हकीकत मला अधिक बोधक वाटते.

घराच्या कर्जांत एक मूळचीच अडचण असते. भिंत उभी राहीपर्यंत धनकोला गहाण घेण्यासारखें कांहीं नसतें, आणि कर्ज मिळाल्यावांचून भिंत उभी राहात नाहीं. जेऊरच्या बाजूच्या गांवांतून या अडचणीवर जुना तोडगा म्हणजे सवड. एखादें वर्ष पिकलें म्हणजे धाब्याच्या घराला एखादा खण वाढवावयाचा. पाऊस फिरला कीं काम थांबवावयाचें. आजानें जोतें घालावें आणि नातवानें माळवद घालावें, यांत कोणाला नवल वाटत नसे. सवड नसेल त्यानें सावकाराकडे जावें व जमीन लिहून द्यावी. या व्यवहारानें शेतकरी किती पिचला होता, हें १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या दंग्यांनीं उघड केलें. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांस प्रथम लागू झाला. न्यायाधीशाला सावकाराचा हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार मिळाला, हें चांगलेंच झालें. पण सावकाराच्या जागीं दुसरा धनको त्या कायद्यानें निर्माण केला नाहीं.

तो निर्माण करण्याचा यत्न १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानें झाला. एकट्याची पत नसली तरी दहांची मिळून पत होते, हें त्याचें सूत्र. मात्र तो कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली, आणि तीनच वर्षांनीं मुंबईंत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली.

मुंबईला त्या वेळीं घरांची गरज कशी होती तें निराळें सांगावयास नको. १८९६ सालीं प्लेग आला; दाट वस्त्या मोडून नवे रस्ते व मोकळे भूखंड पाडण्यासाठीं १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. गांवदेवीचे भूखंड त्याच ट्रस्टचे. संस्थेचे प्रवर्तक श्रीपाद सुब्राव तालमकी यांनीं १९०६ सालींच शामराव विठ्ठल सहकारी पेढी काढली होती. म्हणजे घरें बांधण्यापूर्वीं त्यांनीं बचतीची संवय लावली होती. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

घरांसाठीं त्यांनीं जी पद्धत उचलली ती इंग्लंडांतील ईलिंग येथें १९०१ सालीं सुरू झालेल्या भाडेकऱ्यांच्या भागीदारीची. तींत जमीन व इमारत संस्थेची असते. सभासद भाग घेतो व भाडेकरी म्हणून राहतो. भागांच्या रकमेंतून पहिलें काम निघतें, बाकी पैसा कर्जाऊ येतो, आणि भाड्यांतून व्याज व मुद्दल हळूहळू फिटतें. भाडेकरीच मालक असल्यामुळें भाडें चढवून कोणाचा लाभ होत नाहीं. पाश्चात्य देशांत अलीकडे शेजाऱ्यांनीं मिळून उभारलेल्या वसाहतींचें जें कौतुक होतें, त्यांच्या व्यवहाराचा सांगाडा बराचसा हाच आहे.

पण येथें एक गोष्ट झाकूं नये. गांवदेवीचे सभासद बहुधा पगारदार, एका ज्ञातीचे, एकमेकांना ओळखणारे होते. दरमहा येणारा पगार आणि नात्यागोत्याचा विश्वास हेंच त्यांचें खरें तारण. ज्याला पगार नाहीं व ज्याच्या ज्ञातीजवळ पैसा नाहीं, त्यानें काय करावें याचें उत्तर त्या योजनेंत नव्हतें.

तें उत्तर शोधण्याची पाळी सोलापूरच्या स्त्रियांवर आली. सोलापुरांत कापडगिरणी १८७७ सालीं निघाली. मागावरचें काम करणारीं तेलुगुभाषी कुटुंबें येथें येऊन स्थायिक झालीं, आणि त्यांतील हजारों स्त्रिया घरीं बसून विड्या वळूं लागल्या. मजुरी हजार विड्यांवर. घर हाच त्यांचा कारखाना, आणि तो बहुधा झोपडींतला. अशा बाईला कर्ज कोण देणार? १९७६ सालीं विडी कामगार कल्याणाचे कायदे होऊन विड्यांवर उपकर बसला व त्या निधींतून घरांसाठीं साहाय्य करण्याची सोय झाली. परंतु कायद्यांतली सोय दारापर्यंत यावी म्हणून नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालीं या स्त्रियांना वर्षानुवर्षें मोर्चे काढावे लागले. अखेर गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें स्थापन झालेल्या सहकारी संस्थेची दहा हजार घरांची योजना मान्य झाली. घराची किंमत साठ हजार रुपये : वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्य सरकारचे, वीस हजार त्या स्त्रीचे. १ सप्टेंबर २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या.

ही योजना सरकारी देणगी होती असें पुष्कळ लोक म्हणतात. साधा गुणाकार करून पाहावा. वीस हजार गुणिले दहा हजार म्हणजे वीस कोटी रुपये. आणि हा वांटा हजारावारी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचा होता. वीस कोटी देणाऱ्याला आश्रित म्हणणें मला तरी न्याय्य वाटत नाहीं.

त्याच कुंभारीस पुढें असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांचें रे नगर निघालें. त्याची कोनशिला जानेवारी २०१९ मध्यें बसली आणि १९ जानेवारी २०२४ रोजीं पंधरा हजार घरें पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांच्या स्वाधीन झालीं. येथें केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख प्रत्येक घरामागें मिळाला. उरलेली रक्कम, जी आतां वीस हजारांहून पुष्कळ मोठी आहे, ती कामगारानें उभी करावयाची. दरम्यान २०१७ सालीं नवी करपद्धति येतांच विड्यांवरचा तो उपकर रद्द झाला. तेव्हांपासून विडी कामगारांच्या घरांचें साहाय्य त्यांच्याच वळलेल्या विड्यांवरच्या राखीव निधींतून न येतां अर्थसंकल्पांतील तरतुदींतून येतें, आणि ती तरतूद दरसाल नव्यानें ठरते.