आधी कुणाचं देणं आहे का?

बँकेत कर्ज मागायला गेलं की साहेब हमखास विचारतात, ‘आधी कुणाचं देणं आहे का?’ हा प्रश्न पुष्कळांना टोचतो. कर्ज अधिकारी म्हणून ग्रामीण शाखांमध्ये काढलेल्या वर्षांत मी तो असंख्य वेळा विचारला. त्याची कुळकथा थेट १८७५ पर्यंत जाते.

त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि दंग्याचं लोण पुणे, नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांना माणसं मारायची नव्हती, कर्जखतं जाळायची होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि त्या काळात कापसाला चढलेला भाव कोसळला. वर सरकारने शेतसारा वाढवलेला. जुनं देणं फिटेना, त्यावर व्याज चढवून नवं खत होई. कुणब्याला वाचता येत नसे, तो अंगठा उठवी आणि कोर्ट खतावरचा आकडा खरा मानी.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. न्यायाधीशाने नुसतं खत पाहायचं नाही. व्यवहार कुठून सुरू झाला, मुद्दल किती, व्याज किती, हे मुळापासून तपासायचं. (सावकारांनीही वाट काढलीच. गहाणखताऐवजी ते विक्रीखत लिहून घेऊ लागले.)

सरकारने पुढे तगाईचे कायदे केले, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत काय दिसलं? शेतकऱ्यांच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा सुमारे एक टक्का, सहकाराचा तीन टक्के. सावकारांचा मात्र सत्तरच्या घरात. कारण सावकाराला माणूस ठाऊक होता. कुणाची विहीर कधी आटते, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, हे त्याला घरबसल्या कळे. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, बँका खेड्यांत पोहोचल्या, तेव्हा ही माहिती पगारी माणसाने गोळा करायची होती. कृषी पदवीधर भरती झाले ते त्यासाठी.

सातबारा, आठ-अ, फेरफार हे टेबलावर बसून वाचता येतं. पाणी मात्र शेतावर जाऊनच पाहावं लागतं. एकाने मोटारीसाठी अर्ज केला होता. सातबाऱ्यावर ऊस. मी एप्रिलमध्ये गेलो, तर विहिरीचा तळ दिसत होता. त्याची म्हातारी आई म्हणाली, ‘सायेब, मोटार तुमी द्याल, पानी कुठनं देनार?’ मी मोटार नामंजूर केली आणि शेळ्यांचं प्रकरण करून दिलं. पोरगा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. हप्ते मात्र चुकले नाहीत.

आज या नोकरीत यायचं तर कृषी किंवा संलग्न शाखेची चार वर्षांची पदवी लागते, मग आयबीपीएसची लेखी परीक्षा आणि मुलाखत. सरकारी बँकांत या पदाला कृषी क्षेत्र अधिकारी म्हणतात. पोरं हुशार असतात. जुनं कर्ज त्यांना सिबिलच्या अहवालात मिनिटभरात दिसतं. १८७९ च्या न्यायाधीशाला जे खणून काढावं लागे, ते बटण दाबून मिळतं.

पण त्या अहवालात गावातल्या सावकाराचे हातउसने नसतात, कृषी सेवा केंद्रातली उधारीही नसते. म्हणून नव्याने रुजू होणारा कुणी भेटला की मी त्याला एवढंच सांगतो, की गेल्या हंगामाचं बी-खत कुणाकडून उचललं आणि त्याचे पैसे दिले का, हे आधी विचार. आणि शक्यतो घरातल्या बाईला विचार.