दिवेआगर, ३ जून २०२०

बुधवार. दुपारचे साडेबारा. कोकण किनाऱ्यावरच्या दिवेआगरात सुपारीच्या वाडीतल्या एका घराच्या पडवीत तुम्ही उभे आहात. कोरोनाच्या टाळेबंदीने गाव आधीच घरात बसलेलं. घरात लाईट नाही. वादळाआधी खबरदारी म्हणून वीज बंद करावीच लागते. चालू तार तुटून पाण्यात पडली, तर वादळातून वाचलेला माणूस तिनेच जायचा.

‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्याला लागतं. वारा ताशी शंभर किलोमीटरहून वेगाचा, मधूनच येणारे झोत त्याहूनही जोराचे. पत्रे उडतात, कौलं फुटतात, पोफळी कमरेत मोडतात. पडवी सोडून आत जा, पण दाराच्या फटीतून रस्त्याकडे नजर ठेवा. माड उन्मळून तारांवर कोसळतो. ताणलेली तार शेजारच्या खांबाला ओढते, तो त्याच्या पुढच्याला. बुंध्याशी खाऱ्या हवेने गंजलेले लोखंडी खांब तिथूनच वाकतात. एका झाडापायी अख्खी ओळ आडवी!

आता आठवडाभर पुढे या. घाटावरून वायरमनच्या तुकड्या आल्या आहेत. आडव्या झाडांमुळे गाडी वाडीत शिरत नाही. आधी करवत चालते, मग खड्डा, मग माणसांनी वाहून आणलेला खांब, मग तार. पंप बंद म्हणून बायका विहिरीवर. मोबाईलचे टॉवर बंद, म्हणून मुंबईतल्या मुलाला घरचे सुखरूप आहेत हेही कळत नाही. वीजकेंद्रं शाबूत आहेत, वीज तयार होते आहे. तुटला आहे तो घरापर्यंतचा शेवटचा टप्पा. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या कितीतरी गावांत हा अंधार काही आठवडे टिकला.

आणि वर्षही उलटायच्या आत, मे २०२१मध्ये, ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यालगतून गेलं. पुन्हा झाडं, पुन्हा तारा, पुन्हा तेच वायरमन पावसात.

यावरचा उपाय म्हणून अलिबागेत वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. ते महाग आहे, आणि गाडलेल्या केबलमधला दोष शोधणंही सोपं नाही. म्हणून सगळ्याच तारा पुराव्यात असं मी म्हणणार नाही. पण दवाखाना, नळपाणी योजना आणि मोबाईल टॉवर यांची लाईन प्रत्येक किनारी गावात आधी जमिनीखाली गेलीच पाहिजे. तुमचं गाव किनाऱ्यावर असेल, तर येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. आणि पावसाळ्याआधी वायरमन तारांवरच्या फांद्या तोडायला आला, तर त्याला अडवू नका.