निक्कोर ८५ मिमी : एका स्वस्त लेन्सने नामवंतांना दिलेले आव्हान

१/१८
१९५०, टोकियो. कोरियन युद्धाला अजून तोंड फुटलेले नव्हते. ‘लाइफ’ नियतकालिकाच्या कार्यालयात जुन मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने आपले अमेरिकन सहकारी डेव्हिड डग्लस डंकन यांचे छायाचित्र टिपले. कॅमेरा जर्मन होता, लायका. त्याला जोडलेली लेन्स मात्र जपानी होती : निक्कोर ८५ मिमी, एफ/२.

२/१८
डंकन यांनी त्या लेन्सकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही. जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, असा त्या काळचा सार्वत्रिक समज होता. पुढे मिकींनी त्या छायाचित्राचा मोठा प्रिंट त्यांच्या हाती दिला आणि डंकन यांना आपले मत बदलावे लागले. कॅमेरा एकाचा आणि लेन्स दुसऱ्याच, स्वस्त कंपनीची : हा सौदा शहाणपणाचा की घातक? आजचा वाटणारा हा प्रश्न तेव्हा एका कंपनीच्या अस्तित्वाचा होता.

३/१८
आधी लेन्सविषयी. ३५ मिमी फिल्मवर ८५ मिमीची लेन्स ही छोटी टेलिफोटो. फार जवळ न जाता चेहरा प्रमाणबद्ध टिपता येतो, म्हणून ती व्यक्तिचित्रांसाठी पसंतीची. एफ/२ हे तिचे सर्वांत मोठे छिद्र. एफ/४ च्या तुलनेत त्यातून चौपट प्रकाश आत येतो. तेव्हाच्या मंद फिल्मवर संध्याकाळी काम करणाऱ्या बातमीदाराला ही चौपट म्हणजे छायाचित्र मिळणे आणि न मिळणे यांतील अंतर होते.

४/१८
लायका वापरणाऱ्यासमोर लायकाच्याच निर्मात्या लाइट्झ कंपनीचे पर्याय होते. ९० मिमी एफ/४ एल्मार आटोपशीर, पण मंद. ८५ मिमी एफ/१.५ समारेक्स वेगवान, पण बोजड आणि महाग. कॉन्टॅक्स कॅमेऱ्याकडे झाइसची सोनार ८५ मिमी एफ/२ होती. वेग आणि गुणवत्ता यांचा मेळ म्हणजे सोनार, असे तेव्हाचे समीकरण होते.

५/१८
सोनारचे जनक लुडविग बेर्टेले. त्यांच्या रचनेचे मर्म एका हिशेबात आहे. हवा आणि काच जिथे भेटतात, अशा प्रत्येक पृष्ठावर ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होतो. तो वाया तर जातोच, शिवाय लेन्सच्या आत घुटमळून चित्र फिके करतो. बेर्टेले यांनी भिंगे एकमेकांना चिकटवून अवघे तीन गट केले. हवेला भिडणारी पृष्ठे उरली फक्त सहा.

६/१८
१९३५ मध्ये झाइसचेच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर परावर्तनरोधी लेप देण्याची पद्धत शोधली. आधीच कमी पृष्ठे आणि त्यांवर लेप, यामुळे सोनारची प्रतिमा अधिक खुलली. जगाने जर्मन लेन्सला मोजलेली किंमत केवळ नावाची नव्हती. त्या नावामागे खरे संशोधन उभे होते, हे विसरून चालणार नाही.

७/१८
मग ते नाव दुभंगले. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य झाइसच्या येना शहरात शिरले. जुलैमध्ये शहर सोव्हिएत ताब्यात देण्यापूर्वी अमेरिकनांनी अनेक तज्ज्ञांना पश्चिमेकडे हलवले. सोव्हिएतांनी यंत्रसामग्री उचलली आणि कॉन्टॅक्सचे उत्पादन कीव्हला गेले. माणसे एकीकडे, यंत्रे दुसरीकडे. जर्मन पेटंटांचे संरक्षणही युद्धानंतर व्यवहारात उरले नाही.

८/१८
तिकडे जपानमध्ये निप्पॉन कोगाकु ही कंपनी १९१७ पासून उभी होती. पहिल्या महायुद्धात जर्मन प्रकाशीय काचेचा पुरवठा तुटला, तेव्हा ही काच स्वतः वितळवण्याचे प्रयत्न जपानमध्ये सुरू झाले. १९२१ मध्ये आठ जर्मन तंत्रज्ञ कंपनीत दाखल झाले. पुढे ‘यामातो’ या महाकाय युद्धनौकेचा १५ मीटर लांबीचा अंतरमापक याच कंपनीने घडवला. म्हणजे निक्कोर ही रातोरात जन्मलेली नक्कल नव्हती.

९/१८
पराभवानंतर लष्करी मागणी एका दिवसात संपली. युद्धकाळात वीस हजारांहून अधिक असलेले मनुष्यबळ जेमतेम दीड हजाराच्या आसपास आले. कंपनी नागरी वस्तूंकडे वळली आणि १९४८ मध्ये पहिला निकॉन कॅमेरा बाजारात आला. स्वतःचा कॅमेरा नवखा असल्यामुळे कंपनीने लायका व कॉन्टॅक्सला बसतील अशाही लेन्स बनवल्या. ज्याचे नाव मोठे, त्याच्या कॅमेऱ्यावर आपली लेन्स, असा हा मार्ग.

१०/१८
या लेन्सचे पूर्ण नाव निक्कोर-पी.सी. ‘पी’ म्हणजे पाच भिंगे, ‘सी’ म्हणजे लेपयुक्त. रचना सोनार घराण्यातली, पाच भिंगे तीन गटांत. स्वस्ताईचे एक कारण येथे दिसते : मूळ कल्पनेच्या शोधाचा खर्च दुसऱ्याने केला होता. दुसरे कारण चलनाचे. एप्रिल १९४९ मध्ये एका डॉलरला ३६० येन असा दर ठरला. ३६,००० येनची वस्तू अमेरिकन खिशाला फक्त १०० डॉलर.

११/१८
तिसरे कारण कमी कौतुकाचे : पराभूत, भुकेल्या देशातली तुटपुंजी मजुरी. स्वस्त वस्तूचा उरलेला भार कोणीतरी वाहतच असतो. मात्र मजुरी कमी म्हणून काम हलके, असा निष्कर्ष निघत नाही. जे हात कालपर्यंत तोफांचे अंतरमापक घासत होते, तेच आता व्यक्तिचित्रांच्या लेन्स घासत होते.

१२/१८
डंकन केवळ प्रिंटवर विसंबले नाहीत. छायाचित्रकार होरेस ब्रिस्टल यांच्यासह ते थेट निप्पॉन कोगाकुच्या टोकियोतील कारखान्यात गेले. अध्यक्ष मासाओ नागाओका यांनी त्यांचे स्वागत केले. पाहुण्यांनी आपल्या जर्मन लेन्स सोबत नेल्या होत्या. तपासणीच्या प्रोजेक्टरवर त्या आणि निक्कोर यांची शेजारी शेजारी परीक्षा झाली. दोघांनीही आपल्या लायकांसाठी निक्कोर पसंत केल्या.

१३/१८
पण पडद्यावरची रेषा सुबक असली म्हणजे झाले, असे नाही. ८५ मिमी लेन्स एफ/२ वर दोन मीटर अंतरावर जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीच स्पष्ट टिपते. डोळा स्पष्ट, तर कान धूसर. अशा वेळी कॅमेऱ्याचा अंतरमापक आणि लेन्स यांची सांगड केसभर चुकली, तर उत्तमातले उत्तम भिंगही व्यर्थ. परक्या लेन्सची खरी कसोटी बहुधा काचेत नव्हे, धातूत असते.

१४/१८
याचे उत्तम उदाहरण निकॉनच्याच घरात आहे. निकॉन आणि कॉन्टॅक्स यांची लेन्स बसवण्याची खोबण जवळपास एकसारखी, पण फोकस करताना फिरणारी गती थोडी वेगळी. वाइड लेन्सवर हा फरक पचून जाई, ८५ मिमीवर मात्र उघडा पडे. म्हणून कॉन्टॅक्ससाठी टेलिफोटो निक्कोर वेगळ्या बनवून त्यांवर ‘सी’ खूण कोरावी लागली. बसते म्हणजे जुळते, असे नव्हे.

१५/१८
२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. डंकन लगोलग तिकडे गेले, लायकावर निक्कोर चढवून. धूळ, पाऊस आणि मग वर्षाअखेरीस चोसिन जलाशयाकाठची हाडे गोठवणारी थंडी. अमेरिकन मरीन सैनिकांचे थकलेले, शून्यात पाहणारे चेहरे त्यांनी टिपले. १९५१ मध्ये ते ‘धिस इज वॉर!’ या पुस्तकात आले. तिथे वाचकाने लेन्सचे नाव विचारले नाही, चेहरे पाहिले.

१६/१८
१० डिसेंबर १९५० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या जपानी कॅमेऱ्याची व लेन्सची दखल घेतली आणि निक्कोरचे नाव अमेरिकेत पोचले. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावे. कारखान्यातली ती परीक्षा मोजक्या लेन्सची होती आणि यजमान खुद्द निर्माता होता. ‘जपानने जर्मनीला हरवले’ हे वाक्य जाहिरातीला शोभते. पुराव्यातून निघते ते एवढेच : समज मोठा होता, फरक लहान.

१७/१८
पुढे चक्र फिरले. साठच्या दशकात जपानी कॅमेरे जगावर पसरले आणि सत्तरच्या दशकारंभी झाइस इकॉनने कॅमेरे बनवणे थांबवले. २००६ मध्ये झाइसच्या नावाने निकॉनला बसणारी ८५ मिमी एफ/१.४ लेन्स आली. ती जपानमध्ये, कोसिना कंपनीत घडत होती. ज्या झाइसच्या रचनेवर निक्कोर उभी राहिली, तीच झाइस आता निकॉनसाठी परकी लेन्स झाली होती.

१८/१८
आणि कोरिया? १९५० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडील मासान शहराभोवती घनघोर लढाई झाली. त्याच मासानमध्ये १९७२ साली सामयांग ही प्रकाशीय कंपनी स्थापन झाली. तिची हाताने फोकस करायची स्वस्त ८५ मिमी एफ/१.४ लेन्स बाजारात आली, तेव्हा तिची तुलना कोणाशी झाली? निक्कोरशी आणि झाइसशी. संशयाने पाहणाऱ्यांची नावे तेवढी बदलली होती. प्रिंट हाती घेऊन निरखून पाहणे, हा उपाय मात्र मिकी-डंकन यांच्या काळचाच राहिला.