बॉम्ब पडत असताना वाचलेली कादंबरी

जेम्स हॅडली चेस हे नाव फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत तुम्हीही पाहिलं असेल. मुखपृष्ठावर बहुधा एक बाई आणि एक पिस्तूल. हा चेस म्हणजे लंडनचा रेने रेमंड, पुस्तकविक्रीच्या धंद्यातला माणूस. अमेरिकन गुंडांची बोली त्यानं शब्दकोशांतून उचलली आणि शहरं नकाशांतून. ‘नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश’ ही त्याची पहिली कादंबरी १९३९ मध्ये आली.

कोट्यधीशाच्या मुलीचं अपहरण होतं. पळवणाऱ्यांकडून तिला आणखी क्रूर टोळी हिसकावते. पोलिसांना पत्ता लागेना, तेव्हा बाप डेव्ह फेनर नावाचा खासगी डिटेक्टिव्ह नेमतो. इथवर नेहमीचंच. पण फेनर होम्ससारखा पाइप ओढत विचार करत बसत नाही. माहिती काढायला तो पैसे चारतो, छळाचाही मार्ग धरतो. म्हणजे टोळीचीच हत्यारं. मला या पुस्तकात खुनी स्लिमपेक्षा फेनर जास्त अस्वस्थ करतो. स्लिमची किळस येते. फेनरला मात्र आपण मनातल्या मनात ‘हाण अजून’ म्हणतो. मुलगी सापडायला हवी ना!

जॉर्ज ऑरवेलनं हे नेमकं पकडलं. १९४४ मध्ये ‘हॉरायझन’ मासिकात त्यानं या कादंबरीची तुलना रॅफल्सशी केली. रॅफल्स हा जुन्या इंग्रजी कथांमधला क्रिकेट खेळणारा सभ्य चोर. चोर असूनही काही गोष्टी तो करणार नाही. चेसच्या जगात अशी रेघच नाही. जिंकतो तो बरोबर. ऑरवेलला त्यात फॅसिझमची सावली दिसली.

गंमत म्हणजे पुस्तक सर्वांत जास्त गाजलं ते १९४० मध्ये. त्या ७ सप्टेंबरपासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. हिटलरशी लढणारी माणसं हे वाचत होती! मला वाटतं, ती ताकदीची पूजा करत नव्हती. ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही अशा हिंसेखाली बसून, ती शेवटच्या पानावर संपणारी हिंसा वाचत होती. ऑरवेलची भीती मात्र त्यानं खोटी ठरत नाही. फेनर आवडण्याची सवय युद्धाबरोबर संपली नाही. आजच्या वेब सीरिजमधले एन्काउंटरवाले हिरो आठवा.

१९४२ मध्ये चेसच्याच दुसऱ्या एका कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला, लेखक-प्रकाशकांना दंड बसला. ‘मिस ब्लँडिश’ विकली जातच राहिली. पुढे साठीच्या दशकाच्या सुरुवातीला चेसनं ती नव्या वाचकांसाठी स्वतःच पुन्हा लिहून काढली. त्यामुळे आज हाती येणारी प्रत बहुधा ऑरवेलनं वाचलेली नसते.